श्रावणात आलेले मांगूर

जुनं कॅलेंडर भिंतीवरून काढून टाकायचं नाही, कारण त्याच्यावर देव असतो, अशी आमच्याकडे रीत. माझ्या वणीच्या मित्राच्या खोलीवर तर एकाच खिळ्याला दोन कॅलेंडरं होती आणि गेल्या वर्षीची लक्ष्मी दिसायला जास्त चांगली म्हणून तीच वर होती. मी इंटरला नापास झालो होतो आणि पुन्हा परीक्षेला बसायचं म्हणून पुस्तकं घेऊन त्याच्या खोलीवर चार दिवस राहायला गेलो होतो. निघताना मायनं बजावलं होतं, "शुक्रवारी अवस हाय, त्या दिवशी येजो, अन् येतानी जिते मांगूर आणजो. ध्यानात ठेव, सावन लागला का मंग घरात मासोळी चालत नाही." माय नुकतीच हिवतापातून उठली होती. चेहरा हळदीच्या पाण्यासारखा झाला होता, आणि मांगूर खाल्ला की अंगात रक्त भरतं यावर आमच्या राजूरच्या खाणीच्या क्वार्टरांच्या लायनीत कोणाचंच दुमत नव्हतं. मी मन लावून कॅलेंडर पाहिलं, गेल्या वर्षीच्या लक्ष्मीच्या पायाशी त्या शुक्रवारची तारीख शोधली, आणि त्या तारखेला सकाळी पिशवी घेऊन बाजारात गेलो.

बाजारात मासोळीच्या ओळीत एकच म्हातारी ढिवरीण बसली होती. गर्दी नाही, धक्काबुक्की नाही. लोकांना अक्कल नाही, आपण किती लवकर आलो, म्हणून मी स्वतःवर खूश. तिच्या पाण्यानं भरलेल्या गुंडीत दोन काळे, मिशाळ मांगूर वळवळत होते. ती म्हणाली, "कोनाच्या घरी नेतं रे बापा आज?"

"आमच्याच."

"खाते तुमच्या घरी? आज?"

"खाते म्हणजे? वाट पाहून राह्यले!"

"बरं बापा," असं म्हणून तिनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं, उन्हानं. ढगाळ हवेत कसलं ऊन, हा विचार मला सायकलीवर अर्ध्या वाटेत आला, आणि आला तसा गेला.

घरी पोचलो तेव्हा माय न्हाऊन, देवापुढे दिवा लावून भगर निवडत बसली होती. बाजूला काशीमावशी. काशीमावशी म्हणजे आमच्या लायनीची सुईण. माझ्यासकट निम्मी लाईन तिच्या हातावर जन्मली होती आणि त्यामुळे कोणाच्याही घरात काहीही बोलायचा तिला हक्क होता. मी पिशवी वर धरली. "मांगूर! जिते!"

मायनं भगरीचं सूप बाजूला ठेवलं. मग काशीमावशी म्हणाली, "अवो, हा पोट्टा इंटरमंदी काहून नापास झाला ते आज समजलं मले. सावनाचा पहिला दिवस हाय रे आज! काल मसाला वाटून तुही माय खाणीच्या रातच्या भोंग्यालोक दारात बसली होती."

गेल्या वर्षीच्या कॅलेंडरात तोच शुक्रवार एक तारीख पुढे असतो, हे मला तेव्हा उमगलं. मांगूर हा मोठा चिवट जीव. पाण्याबाहेरही तास न् तास जगतो, वर येऊन हवेचा घोट घेतो. श्रावणात मायनं तो कापला नसता आणि टाकूनही दिला नसता. "ठेवा जिता," ती म्हणाली. "पोळा झाला का करीच्या दिवशी पाहू." पोळ्यानं श्रावण संपतो आणि दुसऱ्या दिवशी, करीला, आमच्याकडे घरोघरी वशाट शिजतं. म्हणजे माशांना महिनाभराची मुदत मिळाली, ती केवळ माझ्या अक्कलहुशारीनं. मासे ड्रममध्ये सोडताना एकाच्या कानशिलाजवळचा काटा माझ्या अंगठ्यात घुसला आणि अंगठा वांग्यासारखा फुगला. त्यावरही कोणी दया दाखवली नाही.

बाबा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. माझा निकाल लागल्यापासून ते माझ्याशी थेट बोलत नसत, मायमार्फत बोलत. संध्याकाळी ते आले, त्यांनी ड्रममध्ये सोडलेले मासे पाहिले आणि मायला म्हणाले, "शाण्याले सांग, पिण्याच्या पाण्याचा ड्रम हाय तो." पण दोन दिवसांनी भंगारात निघालेला अँगल आणि एका जुन्या नोटीस बोर्डाच्या काचा त्यांनी साहेबांना विचारून घरी आणल्या. वणीत एका फोटोवाल्याच्या दुकानात मी काचेची पेटी पाहिली होती, लाल मासे असलेली. तिचं वर्णन मी मायला मोठ्या आवाजात सांगत होतो, ते बाबांनी ऐकलं असणार. त्यांनी चौकट जोडली, जवसाच्या तेलात खडूची भुकटी मळून लांबी केली आणि काचा बसवल्या. लांबी मळायचं काम माझ्याकडे आलं, कारण त्यात डोकं लागत नव्हतं. पेटी भरली की कुठून तरी गळायची. टप, टप, टप. खाली मायनं पितळी गंज, आमचं उभट पातेलं, ठेवला, आणि तो आवाज त्या महिन्यात आमच्या घराचा झाला. बाहेर टिनाच्या छपरावर पाऊस, दूर कोळशाच्या डब्ब्यांची खडखड, चुनाभट्टीचा धूर, आत सिगडीवर अंबाडीच्या भाजीचा वास, आणि मध्ये हा टप टप. तो गळका कोपरा बंद करता करता बाबा पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलले: "बोट ठेव अठी. काढू नको." महिन्याभरातलं माझ्याशी पहिलं वाक्य. मी अर्धा तास बोट काढलं नाही.

आमच्या मुलाकडे आता यवतमाळला अशीच पेटी आहे. तिच्यात मोटार आहे, बुडबुडे आहेत, निळा दिवा आहे, आणि ती गळत नाही. मला तिच्याजवळ बसवत नाही. काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, आणि मग ध्यानात येतं की खाली गंज नाही.

तर, मासे पेटीत गेले आणि मी बिघडलो. पुस्तक घेऊन पेटीपुढे बसायचं आणि पान उलटायचं नाही. एक मांगूर जाडा, पोट खाली लोंबणारा, आणि दुसरा सडपातळ, चिडका. मी त्यांना पावसात वर आलेली गांडुळं आणून घालायचो. त्यावर माय म्हणायची, "मासोळीचा जीव वाचवाले सावनात गांडुळं मारतं? कोणत्या पोथीत हाय हे?" पण करीचा दिवस जवळ येऊ लागला तसे मी दिवस बोटांवर मोजू लागलो. मायला रक्त भरायचं होतं, तिच्यापुढे 'मासे नको मारू' कोणत्या तोंडानं म्हणणार? तेव्हा मी एक युक्ती काढली. जेवताना भाकर मोडत म्हणालो, "हे दोन खाल्ले तं एकडाव रक्त भरन. यायले पिल्लं झाले तं वर्षभर पुरतीन."

बाबांनी पहिल्यांदा ताटावरून मान वर केली. "तुह्यानं इंटर होत नाही, अन् मासोळी बाळंत होईन?"

"झाली तं?"

"पोळ्यालोक झाली, तं मासे तुहे. नाही झाली तं करीले हंडीत, अन् काचा परत भंगारात. अन् तू माह्यासंग वर्कशॉपमंदी, हेल्पर. पुस्तकं बस्स झाले."

हे माझ्या हिशेबात नव्हतं. दोन मासे वाचवायला गेलो आणि तिसरा मी स्वतः हंडीत पडलो.

याच आठवड्यात आमची मंडळी सासरी परत आली. आमचं लग्न वैशाखात झालं होतं, आणि नवी नवरी पहिल्या आखाडात सासरी राहत नाही, म्हणून ती मुकुटबनला माहेरी गेली होती. तिचं नाव सरस्वती, माय तिला सरू म्हणे, आणि मी काहीच म्हणत नसे, कारण तेव्हा नवऱ्यानं बायकोला चारचौघांत हाक मारायची नसे. तिची अडचण तर माझ्याहून मोठी. नव्या सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही, असा आमच्या घरचा दंडक. बाबा घरात असले की ती हनुवटीपर्यंत पदर घेऊन सैपाकघरात, आणि तिला काही सांगायचं असलं तर ते मायच्या कानात. माय जवळ नसेल तर भांड्यांतून. तवा जोरात आपटला म्हणजे चहा झाला, आणि पाट सरकवला म्हणजे जेवायला चला.

आल्या दिवशी बाबा ड्युटीवर होते. तिनं पेटीपुढे उभी राहून दोन्ही माशांकडे पाहिलं. मासे काचेला तोंड घासत होते. ती म्हणाली, "यायले बीळ कुठं हाय?"

"कसलं बीळ?"

"आमच्या धानाच्या बांधीत मांगूर धुऱ्याले बीळ पाडते, पाण्याच्या खाली. अंडे बिळातच देते. असं उघड्यावर, साऱ्या लायनीदेखत, कोन बाळंत होईन? अन् आयका, अंडे दिल्यावर मंग..."

पुढचं ऐकायला मी थांबलोच नाही. घरामागे पडलेली दोन कवेलू, छपराची गोल कौलं, उचलली, एकावर एक पालथी जुळवून तारेनं बांधली, त्यांची नळी झाली, तिचं एक तोंड चिखलानं बुजवलं आणि ती पेटीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली. संध्याकाळी बाबांना सांगितलं की हे मी एका पुस्तकात वाचलं. आतून तवा आपटल्याचा आवाज आला. बाबा म्हणाले, "चहा झाला वाटते." चहा झाला नव्हता.

पोळ्याला आठ दिवस उरले तरी काही होईना. सडपातळ मांगूर कवेलूत शिरून बसे, जाडा बाहेर फिरे. उघडीप पडली होती, पेटीतलं पाणी कोमट झालं होतं. मग एका शनिवारी दुपारी तीनचा भोंगा झाला आणि त्याच्या मागोमाग पाऊस असा कोसळला की बाबा घरी आले ते भिजून. टिनाच्या पन्हाळीतून धार लागली होती. बाबांनी काय मनात आणलं देव जाणे, बादली धारेखाली धरली आणि ते गार पाणी पेटीत ओतलं. एक बादली, दोन, तीन. पेटी भरून वाहू लागली. आणि मासे पिसाळले! एकमेकांना गुंडाळू लागले, सुटू लागले, काचेवर शेपट्या मारू लागले. बाबा ओले कपडे न बदलता पेटीपुढे बसून राहिले. "अबे, पाह्य पाह्य!" ते म्हणाले. माझ्याशीच म्हणाले.

सकाळी रविवार. मी कवेलूच्या तोंडाशी बॅटरी धरली आणि ओरडलो. आत राळ्यासारखे हिरवट पिवळे दाणे, शेकडो, कवेलूला चिकटलेले. आणि त्यांच्यावर सडपातळ मांगूर बसलेला. दहा मिनिटांत निम्मी लाईन आमच्या पुढच्या खोलीत. काशीमावशी सर्वांना बाजूला सारत आली, पाण्यावर वाकली, आणि तिनं जाड्याकडे बोट दाखवलं. जाडा आता जाडा राहिला नव्हता. "हिचं पोट खपाटीले गेलं. म्हंजे बाळंतीण हे. मंग आत कोन बसला?"

"नवरा," मी अभ्यासू आवाजात म्हणालो. "नर आहे तो."

"हाय हाय व माय! बाळंतखोलीत बाप्या!" काशीमावशीनं कानाला हात लावला. "काहाड त्याले! माह्या हातून इतके बाळंतपणं झाले, पन बाप्याले म्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवू देल्ला नाही. अन् हा मेला अंड्यावर बसून राह्यला!"

सगळ्यांना ते पटलं. बाबांना पटलं, मला तर फारच पटलं. मी वर विज्ञानाची पुस्ती जोडली की नर अंडी खातात. सैपाकघरात तवा आपटला. मग पाट सरकला. मग गंज पडला, गडगडत उंबऱ्यापर्यंत आला. बाबा मायला म्हणाले, "सुनेले सांग, भांडे कमी हायेत घरात."

मी मायची चाळणी घेऊन पाण्यात हात घातला. तो मांगूर असा भांडला, बापा! कवेलू सोडेना. एकदा बाहेर काढला तर हातातून निसटून परत आत. दुसरा अंगठा फुगला तेव्हा कुठे तो ड्रममध्ये पडला. मग काशीमावशीनं बाळंतिणीचं सगळं यथासांग केलं. पेटीभोवती मायच्या जुन्या लुगड्याचा पडदा, वर कडुनिंबाचा डहाळा, खाली ओव्याची धुरी. "तीन दिवस कोनी डोकू नका," असं बजावून ती गेली. मला आपण शास्त्रज्ञ झाल्यासारखं वाटत होतं. दुपारी वरण भात भाजी जेवलो, आणि बाबांनी स्वतःच्या हातानं माझ्या भातावर तूप वाढलं.

जेवल्यावर राहवेना म्हणून मी पडदा जरा उचलला. बाळंतीण कवेलूच्या तोंडाशी होती. मला आधी वाटलं, लेकरांना कुरवाळते आहे. मग तिचं तोंड हललं आणि चार दाणे नाहीसे झाले. मी बॅटरी धरली. जे दाणे उरले होते, त्यांतले बरेच पांढरे पडले होते.

"बाबा! हे खाऊन राह्यली!"

बाबा धावत आले, माय आली, हाक गेली आणि काशीमावशीही आली. "दृष्ट लागली," ती म्हणाली, "मिरच्या आना." बाबा पेटीपुढे उकिडवे बसले आणि त्यांनी कपाळावर हात ठेवला. मी त्यांना वर्कशॉपमधून बोट चेचून आलेलं पाहिलं होतं, पण असा चेहरा पाहिला नव्हता. तेव्हा मला समजलं की हरणार होतो तो एकटा मी नव्हतो. पेटीत पुन्हा चार दाणे गेले.

आणि सैपाकघराच्या दारात आमची मंडळी येऊन उभी राहिली. पदर हनुवटीपर्यंत, तोंड भिंतीकडे. पण आवाज असा खणखणीत की शेजारच्या क्वार्टरात गेला असेल.

"मामंजी, बाईले काहाडा अन् त्याले आत टाका. मांगराची बाई अंडे देऊन मोकळी होते. लेकरं तोच पाह्यते, शेपटीनं वारा घालते, खात नाही पीत नाही. जल्दी करा, नाही तं एकही राहत नाही."

माय सुनेकडे पाहत होती, काशीमावशी मायकडे, आणि सगळे मिळून बाबांकडे. घरात असं कधी झालंच नव्हतं. बाबा उठले. मला वाटलं, आता घर हलतं. त्यांनी बाह्या वर केल्या, पाण्यात दोन्ही हात घातले, एका झेपेत मादीला धरून बादलीत टाकलं आणि ड्रमकडे वळून म्हणाले, "बाई, टाकला का हा बसन नं परत?" बाई म्हणजे काशीमावशी नव्हे, माय नव्हे. भिंतीकडे तोंड केलेल्या सुनेला त्यांनी विचारलं होतं.

"बसन, मामंजी. दूर सरका फकत. अन् ते धुरी बाहेर न्या."

धुरी बाहेर गेली. पडदा राहू दिला, पण त्याला एक फट ठेवली आणि त्या फटीला आम्ही पाच डोकी. बाबांनी परत सोडलेला मांगूर तळाशी पडून राहिला. हलेना. मी मनातल्या मनात हेल्परचा खाकी गणवेश घालून पाहिला. मग त्यानं मिशा हलवल्या, काचेच्या कडेनं एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि सुळकन कवेलूत शिरला. थोड्या वेळानं आतून शेपूट हलू लागलं. सावकाश, एका लयीत, पाळण्याची दोरी ओढावी तसं. काशीमावशी फटीला डोळा लावून पाहत होती. शेवटी म्हणाली, "बाप्ये असे असते तं माहा धंदा बसला असता."

दुसऱ्या दिवशी बाबांची पहिली पाळी. तीनचा भोंगा झाला आणि मी त्यांना पहिल्यांदा धावताना पाहिलं, हातात डबा खडखडत. आम्ही दोघं वाकलो. कवेलूत, बापाच्या पोटाखाली, रव्याच्या कणासारखं काहीतरी थरथरत होतं. एक नव्हे, पुंजकाच.

"हालते!" बाबा ओरडले. ते दारात गेले आणि सगळ्या लायनीला ओरडून सांगितलं, "अबे हालते! झाले पिल्लं! आमच्या सुनेनं वाचवले!" माझं नाव त्यांनी कुठेच घेतलं नाही, आणि खरं तर घ्यायला जागाही नव्हती. लोक चिखल तुडवत आले. कोणी गूळ आणला. मायनं सिगडी पेटवली ती संध्याकाळपर्यंत चहासाठी विझलीच नाही.

पोळा झाला. करीच्या दिवशी बाबांनी कोंबडा आणला. हंडी चढली तेव्हा काशीमावशीनं मुद्दाम विचारलं, "मांगूर कवा कापता?" माय पाट्यावर मसाला वाटत होती. वरवंटा न थांबवता म्हणाली, "लेकरं सांभाळणाऱ्याले खाऊन मले रक्त भरत नाही. कोंबड्यानं भरन." आणि भरलं म्हणा, हळूहळू का होईना. मी पुन्हा इंटरला बसलो.

त्या करीच्या दुपारी बाबा दुसऱ्या पाळीला गेले, माय आडवी झाली, आणि मी सैपाकघरात जाऊन मंडळींना जरा रागातच विचारलं, की तुला सगळं ठाऊक होतं तर मला आधीच का नाही सांगितलं?

"सांगतच होती," ती भांडी घासता घासता म्हणाली. "तुमी कवेलू आणाले पळाले." मग राखेचा हात तसाच धरून तिनं माझ्याकडे पाहिलं. "आता एक करा. चुकाले काही ना नाही. फकत पुढच्या खेपेले चुकायचं असन, तं मामंजी ड्युटीवर असतानी चुकत जा. मले बोलाले सोपं जाते."